दहा गुंठ्यांचा संसार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदाच्या संमेलनात मी चार शब्द बोलावे अशी इच्छा प्रदर्शित केली आणि विषय माझ्यावरच सोपविला. उभा जन्म ज्याने प्राथमिक शाळेत घालविला त्या मनुष्याने शिक्षणावर बोलावे, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु आपल्या मंडळात गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार जितक्या थाटाने होतात, तितक्याच गुपचूप एक दुसरी गोष्ट गेली कित्येक वर्षे घडत आहे, आणि तिच्याविषयी या व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. वाडवडिलांकडून वाटणीत आलेली जमीन आपण विकीत आहोत. एक भाऊ मुंबईस, दुसरा पुण्यास, तिसरा परदेशी. गावी २० गुंठ्यांचा तुकडा पडीक. त्यात गाजरगवत माजलेले. समृद्धी महामार्गाने सिन्नर-इगतपुरीकडील जमिनीस भाव आणला, शहर चहूबाजूंनी वाढले, दलाल दारी आला आणि सह्या झाल्या. आलेल्या पैशांतून मोटार आली, मुलीचे लग्न झाले. त्यास मी नावे ठेवीत नाही. प्रपंचाच्या गरजा मीही जाणतो. परंतु सही करताना प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "एवढ्याशा तुकड्यात काय पिकणार?" आज त्या एका वाक्याचे उत्तर देण्याचे मी योजिले आहे.

हा प्रश्न बाजाराच्या हिशेबाने विचारला तर त्याचे उत्तर 'काही नाही' असेच येईल. १० गुंठे कांद्याने घर चालत नाही, आणि १० गुंठे द्राक्षबागेने फार तर कर्ज चालते. म्हणून हा प्रश्न आपण चुलीच्या बाजूने विचारू. पाच माणसांच्या घरास वर्षाकाठी भाजी किती लागते, डाळ किती, फळ किती, मिरची-हळद किती, आणि ती सर्व १० गुंठ्यांत पिकते की नाही?

पिकते, असे ठामपणे सांगणारा मनुष्य महाराष्ट्रातच होऊन गेला. श्रीपाद अच्युत दाभोलकर हे त्यांचे नाव. जन्म १९२४ चा. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ते गणिताचे प्राध्यापक होते. शेतकी महाविद्यालयाचे पदवीधर नव्हेत, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्याची ना इमारत होती, ना वर्गणी. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात प्रयोग करावे, जे दिसेल ते एकमेकांस पत्राने कळवावे, एवढाच त्याचा व्यवहार. तासगावकडील द्राक्षबागाईतदार याच परिवारातून पुढे आले. १९८५ साली दाभोलकरांना जमनालाल बजाज पारितोषिक मिळाले. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात असावयास हवे, ते नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की शेती म्हणजे उन्हाची कापणी होय. पान हे कारखाना, ऊन ही भट्टी. जमिनीवर पडणारा एकही कवडसा हिरव्या पानावाचून वाया जाऊ न देणे हे शेतकऱ्याचे काम. या हिशेबाने पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह १० गुंठ्यांवर होऊ शकतो, हे त्यांनी गणित मांडून दाखविले. पुढे त्यांचे अनुयायी दीपक सचदे यांनी मध्यप्रदेशात देवास जिल्ह्यातील बजवाडा येथे तसे क्षेत्र उभे केले.

१० गुंठे म्हणजे किती, हे आजच्या मुलांना ठाऊक नसते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. तेव्हा १० गुंठे म्हणजे पाव एकर, सुमारे ११,००० चौरस फूट. शहरात ज्यास आपण प्रशस्त बंगल्याची जागा म्हणतो तिच्या तिप्पट-चौपट झाली. ही जागा लहान आहे असे फक्त ट्रॅक्टरला वाटते.

आता या शेतीची रीत. जिला हल्ली पुनरुज्जीवक शेती म्हणतात ती, म्हणजे जमिनीतून जितके काढून घेतले त्याहून अधिक तिला परत करणारी. अमेरिकेतील रॉबर्ट रोडेल यांनी १९८० च्या सुमारास हा शब्द रूढ केला. परंतु त्यांच्या घराण्याला ज्या अल्बर्ट हॉवर्ड यांच्या लेखनातून स्फूर्ती मिळाली ते इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात आपल्या इंदुरास राहून, येथील शेतकऱ्यांकडे पाहूनच कंपोस्टाची पद्धत बसवीत होते. पाहुण्याने घरची वस्तू आपल्याच घरी नव्या कागदात बांधून आणावी, तसा हा प्रकार आहे. असो.

या रीतीचा पाया असा, की आधी माती, मग झाड. आपली माणसे हौसेने जमीन घेतात व पहिल्याच पावसाळ्यात शंभर कलमे लावून मोकळी होतात. दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांतली वीस उरतात. मी म्हणतो, पहिले वर्ष झाड लावूच नये. जमिनीची माती प्रथम तपासून घ्यावी. तपासणीच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतो. बाकीचे रकाने वाचले नाहीत तरी चालेल, हा वाचावा. ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर माती उपाशी आहे असे समजावे, ०.८० च्या वर गेली तर ती खाऊन-पिऊन सुखी. आपल्याकडील पडीक किंवा वर्षानुवर्षे नुसत्या रासायनिक खतावर पिकविलेल्या जमिनीत हा आकडा बहुधा खालच्या अंगाचाच असतो. हा आकडा वर चढविणे हेच पहिल्या तीन वर्षांचे खरे पीक होय.

ते कसे करावयाचे? मृगाच्या पावसावर ताग किंवा धैंचा पेरावा. त्याबरोबर चवळी, उडीद, बाजरी, तीळ, मका असे जे बी घरात असेल ते मिसळावे. फुलावर येताच कापून जागच्या जागी पसरावे. मुळे उपटू नयेत. जमिनीत कुजलेले मूळ हे हवा व पाणी खाली नेणारी नळीच असते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी याच तत्त्वावर कायम गादीवाफ्यांची, बिननांगरटीची पद्धत बसविली आहे व ती पुष्कळ शेतकऱ्यांनी उचलली आहे. त्यांच्या पद्धतीत तणनाशक वर्ज्य नाही. मला ते १० गुंठ्यांवर अनावश्यक वाटते. एवढ्या जागेस विळा पुरतो. वाफे एकदाच करावेत, रुंदी अशी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचावा, आणि त्यानंतर वाफ्यावर माणसाचा पाय पडू नये. मग वर आच्छादन. उसाचे पाचट, सोयाबीनचा भुसा, पालापाचोळा, फुलावर येण्यापूर्वी उपटलेले गाजरगवत, काहीही चालते. उघडी जमीन म्हणजे उघडे अंग. तीस उन्हाचा चटकाही बसतो व पावसाचा माराही. चार बोटे जाड आच्छादनाखाली वैशाखातही माती हाताला गार लागते, हे ज्यास खोटे वाटेल त्याने एक वाफा झाकून व एक उघडा ठेवून पाहावे. शाळेच्या परसबागेत मी मुलांकडून हा प्रयोग दरवर्षी करवून घेत असे. आच्छादनाखाली गांडूळ प्रथम सापडले की वर्गात जो आरडाओरडा होई तो पाठ्यपुस्तकातील कोणत्याही धड्याने झाला नाही. डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाने १८८१ साली, आयुष्याच्या अखेरीस, एक सबंध पुस्तक या गांडुळावर लिहिले, ते उगीच नव्हे.

खताची सोय घरीच व्हावी. यवतमाळ जिल्ह्यात पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार हौदाची जी पद्धत काढली तिला त्यांच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणतात. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच हौद. त्यात काडीकचरा, माती व अगदी थोडे शेण थराथराने भरावे, ओलावा राखावा. तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते. वर्षातून दोनदा हौद भरला तर १० गुंठ्यांना विकतचे खत लागत नाही. जीवामृताचे प्रमाण सुभाष पाळेकर एकरी २०० लिटर पाण्यास १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ व २ किलो बेसन असे सांगतात. आपला पाव एकर. तेव्हा प्रत्येक आकड्यास चारने भागावे. ५० लिटर पाणी, अडीच किलो शेण, अर्धा किलो गूळ, अर्धा किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. दोन दिवस सावलीत ठेवून पाटपाण्याबरोबर द्यावे.

येथे कोणी विचारील, मग गाय ठेवावी काय? माझे मत, ठेवू नये. एका गाईचा वर्षाचा चारा १० गुंठ्यांत निघत नाही, आणि चारा विकत घेऊन शेण मिळविणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे. गावात कोणाकडे तरी गाय असते. दोन पाट्या शेणाला कोणी नाही म्हणत नाही. ज्यांच्या घरी चालते त्यांनी चार कोंबड्या अवश्य ठेवाव्या. किडींचा बंदोबस्त त्या औषधावाचून करतात. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी पक्ष्यांना पाणी ठेवावे.

पाण्याची चिंता सर्वांत मोठी. आपला जिल्हा विलक्षण आहे. इगतपुरीस १०० इंचांहून अधिक पाऊस, आणि तिकडे येवला-नांदगावास २० ते २५ इंचांवर समाधान. नाशिक शहराच्या आसपास आपण ७०० मिलिमीटर धरू. १० गुंठे म्हणजे सुमारे १,००० चौरस मीटर. एवढ्या जागेवर पावसाळ्यात ७ लाख लिटर पाणी आकाशातून पडते. मुलांनो, घरी जाऊन गुणाकार करून पाहा. हे पाणी बहुतेक आपण शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यास देऊन टाकतो, व मार्चमध्ये टँकर शोधतो. उताराला आडवा बांध, बांधाच्या वरच्या अंगास चर, आणि झाकलेली भुसभुशीत माती, ही पहिली टाकी. छपराचे पाणी ही दुसरी. ५०० चौरस फुटांच्या छपरावरून हंगामात ३०,००० लिटरच्या घरात पाणी मिळू शकते. १९७२ चा दुष्काळ आमच्या वडीलधाऱ्यांनी काढला. मिलो जोंधळ्याच्या भाकरी खाल्लेली ती पिढी न्हाणीचे पाणीसुद्धा केळीला सोडीत असे, आणि तिला कोणी पर्यावरण शिकविले नव्हते.

दुसऱ्या वर्षी झाडे लावावी. या बाबतीत दूर जाण्याची गरज नाही. उरुळीकांचनच्या बायफ संस्थेने १९८२ साली गुजरातेत वांसद्याच्या आदिवासी भागात 'वाडी' नावाची योजना रुजविली. एका कुटुंबास साधारण एक एकर, त्यात आंबा व काजू, कडेने सरपण-चाऱ्याच्या झाडांचे कुंपण, मधल्या जागेत भात-नागली वा भाजी. पुढे ती आपल्या जिल्ह्यातील आदिवासी पट्ट्यातही आली. नोकरीची काही वर्षे मी पेठ तालुक्यात काढली. दिवाळी संपताच ज्या घरांना कुलूप लागे व मुले आईबापांबरोबर द्राक्षबागांच्या मजुरीस निघून जात, त्यांपैकी वाडी धरलेल्या घरांची मुले हळूहळू हजेरीपटावर टिकू लागली. झाड पाणी मागते, त्यामुळे माणूस घरी राहतो, त्यामुळे मूल शाळेत येते. शेतीची ही साखळी शेतकी अहवालापेक्षा हजेरीपटावर मला स्पष्ट दिसली.

आपल्या १० गुंठ्यांत दोन केशर आंबे, दोन लिंबे, चार पेरू, चार सीताफळे, बांधाला शेवगा, न्हाणीमागे केळी, विहिरीजवळ कढीपत्ता, इतके पुष्कळ झाले. कुंपणास गिरिपुष्प लावावे. त्याचा पाला वर्षातून तीन-चार वेळा छाटून वाफ्यावर टाकता येतो व त्यातून नत्र मिळते. मोकळ्या तीन गुंठ्यांत तूर, मूग, बाजरी आळीपाळीने. दोन गुंठ्यांत भाजी. मांडवावर वाल, घेवडा, दोडका, भोपळा. ज्याला ऊन कमी लागते, जसे हळद-आले, ते झाडांच्या सावलीस. बी मात्र गावरान असावे, कारण संकरित बियाणे दरवर्षी दुकानात जावयास लावते. सिन्नर-इगतपुरीची हद्द ओलांडली की अकोले तालुका लागतो. तेथील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी मातीच्या घरात, मडक्यांत व टोपल्यांत गावरान बियांची पेढी जमविली. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आम्हा शिकलेल्यांपैकी कितीजणांच्या घरी स्वतःच्या हाताने धरलेले वालाचे मूठभर बी होते, हे ज्याने त्याने स्वतःशीच मोजावे.

अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. शेजारी द्राक्षबाग असेल तर फवाऱ्याचे औषध वाऱ्यावर आपल्याकडे येते. त्या बाजूस शेवरी-निरगुडीची उंच दाट वई हाच उपाय, व तोही पुरता नव्हे. राखणीस माणूस नसतो. शनिवार-रविवार येणाऱ्या मालकाची भाजी सोमवार ते शुक्रवार दुसरेच कोणी खातात, मग ती शेळी असो की मनुष्य. यावर एक जुनी तोड आपल्या जिल्ह्यातच आहे. मोसम व गिरणा नद्यांवर, तशीच खाली पांझरेवर, शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीला दगडी बंधारा, पाटाने आलेले पाणी, फडात एकाच जातीचे पीक, आणि पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, ज्यांचे वेतन सर्व मिळून देत. एका घराला जे परवडत नाही ते दहा घरांना परवडते, हे ज्यांना कळले ते लोक निरक्षर होते. आपल्या ज्ञातीतील ज्या कुटुंबांचे तुकडे एकाच शिवारात आहेत त्यांनी एक जागल्या, एक विहीर, एक खताचा हौद असे मिळून का करू नये? लग्नात आपण शंभर घरे एका मांडवात आणतोच.

आणि घाई करू नये. श्रीलंकेच्या सरकारने एप्रिल २०२१ मध्ये सर्व देशात रासायनिक खते एकाएकी बंद केली, पीक बुडाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला. त्यावरून सेंद्रिय शेतीच खोटी, असा निष्कर्ष काहींनी काढला. उपाशी मातीस एका रात्रीत उपवासाचा उपदेश केला तर दुसरे काय होणार? म्हणून तीन वर्षे धरून चालावे. या तीन वर्षांत नोकरी सोडू नये, कर्ज काढू नये, आणि पहिला खर्च कुंपण व पाणी यांवर करावा. घर मग बांधावे. पुष्कळजण उलट करतात. आधी फार्महाउस, त्यापुढे हिरवळ, आणि भाजी मात्र सोमवारी मंडईतून.

कायद्याचेही दोन शब्द. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्यास १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे आज ज्याच्या नावे सातबारा आहे त्याने तो संपूर्ण विकून टाकला, तर उद्या त्याच्या मुलास पुन्हा शेतकरी होणे सोपे राहणार नाही. हा दरवाजा बाहेर जाताना सहज उघडतो, आत येताना नाही. २०२३ साली राज्यसरकारने बहुतेक जिल्ह्यांत बागायती जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे ठरविले. सरकारचा १० चा आकडा आणि दाभोलकरांचा १० चा आकडा जुळला हा योगायोग असेल, पण मला त्याचा आनंद झाला.

आता शेवटचा व मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा, आणि तो पुरुषमंडळींनी नीट ऐकावा. १९८६ साली आपल्या चांदवडास शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले, लाखांवर बायका जमल्या. त्याच विचारातून पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती' काढली, म्हणजे जमिनीचा काही भाग पतीने पत्नीच्या नावे करून द्यावयाचा. आणि १९९१ साली 'सीताशेती'ची कल्पना मांडली, ती अशी, की जमिनीचा एक तुकडा घरच्या बाईच्या ताब्यात असावा व तिने त्यात विकतच्या खता-औषधावाचून घरच्या गरजेचे पिकवावे. आज ज्यास आपण पुनरुज्जीवक शेती म्हणून परदेशातून आणू पाहतो, ती आपल्या जिल्ह्यातील बायकांनी तेव्हाच ऐकली होती. माझे म्हणणे इतकेच, की १० गुंठ्यांचा बेत निवृत्त सासऱ्याच्या हौसेचा आणि सुनेच्या कमरेचा होऊ नये. पहाटे नोकरीस जाणारी मुलगी संध्याकाळी येऊन पाणीही शेंदील अशी ज्या घरात अपेक्षा आहे, त्या घराने जमीन विकलेलीच बरी. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावावे, मुलीचा हिस्सा 'हक्कसोड' लिहवून काढून घेऊ नये, आणि काय पेरावयाचे हे जी स्वयंपाक करते तिला विचारावे. तसे केले तर २० गुंठ्यांचा तो पडीक तुकडा विकावा की नाही, या प्रश्नाला घरातील निम्मी मते प्रथमच पडतील.

माझे भाषण लांबले, जेवणाची वेळ झाली आहे, तरी एक व्यवहाराची गोष्ट सांगून रजा घेतो. मांडवाच्या दाराशी टेबलावर गावरान वाल, काळा घेवडा, दोडका, भोपळा व देशी शेवगा यांच्या बियांच्या पुड्या ठेविल्या आहेत. एका घरास प्रत्येकी एक पुडी फुकट मिळेल. मात्र शेजारच्या वहीत नाव व गाव लिहून जावे. पुढील वर्षीच्या संमेलनास येताना एका पुडीच्या दोन पुड्या करून परत आणावयाच्या आहेत. ज्यांचे बी उगवले नाही त्यांनी रिकाम्या हाताने का होईना, पण वहीत तसे लिहावयास जरूर यावे.